समोर कोण बसलंय?

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं उशिरा झोपली आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी भागातली जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. बहुतेकांचा जीव त्यांच्याच घराच्या दगडमातीखाली गेला.

ती घरं कशी होती, हे आधी पाहू. भिंत दोन-अडीच फूट जाडीची. बाहेरून दगडाचा एक थर, आतून दुसरा, मधल्या पोकळीत कपच्या आणि माती. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. पाणी गळू नये म्हणून पावसाळ्याआधी त्यावर आणखी माती टाकायची आणि ती चोपून घट्ट करायची. वर्षानुवर्षं हे वजन वाढत गेलेलं. उन्हाळ्यात गारवा देणारं हे घर भूकंपात मात्र घात करणारं होतं. भिंतीचे दोन थर एकमेकांना बांधलेले नव्हते. जमीन हलली तसे ते फुगले, सुटले आणि वरचं माळवद सगळ्या वजनानिशी खाली आलं.

इंजिनिअर मंडळींचं म्हणणं त्यामुळे सरळ होतं. दोष दगडाचा नाही, बांधणीचा आहे. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार जाणारे लांब दगड घाला, कोपरे पक्के करा, वरून काँक्रीटचा पट्टा फिरवा, माळवदावरची जास्तीची माती उतरवा. एवढ्यानं जुनं घर टिकेल आणि खर्चही थोडा येईल. पार जमीनदोस्त झालेल्या ५२ गावांचं पुनर्वसन नव्या जागी व्हायचं होतं. त्याखेरीज हजाराहून जास्त गावांत तडे गेलेली, पण उभी राहिलेली घरं होती. तिथं दुरुस्तीसाठी सरकारनं जागतिक बँकेच्या कर्जातून घरटी १७,००० रुपयांची मदत ठरवली. नकाशे झाले, पत्रकं झाली, नमुन्याची घरंही बांधून दाखवली.

लोकांनी ऐकून घेतलं, पैसे घेतले आणि पुष्कळांनी जुन्या घराला हातही न लावता शेजारी विटा-सिमेंटची स्लॅबची एक खोली बांधली.

इथं शिकलेला माणूस पटकन म्हणतो, लोकांना कळत नाही. मला ते मान्य नाही. लोकांना एक गोष्ट फार नीट कळली होती. दगडाच्या घरातली माणसं मेली होती आणि स्लॅबच्या घरातली वाचली होती. त्यांनी स्वतःच्या हातांनी दगड उपसले होते. ‘दगड निर्दोष आहे’ हे वाक्य ज्या खोलीत तयार झालं तिथं ते खरं होतं. ज्या ओसरीवर ते उच्चारलं गेलं, तिथं ते ऐकूही जाणं अवघड होतं. मुद्द्यात चूक नव्हती. मुद्दा ज्यांच्यापुढे मांडला त्यांच्या मनात आधीपासून काय बसलेलं आहे, याचा विचार झाला नव्हता.

पुढे या कामात एक वेगळी वाट काढली गेली. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या मदतीनं गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आलं. घराघरात जाऊन सांगायचं, कोणाला काय मिळायचं आहे, हप्ता कधी येतो, कोणती भिंत कशी बांधायची, ग्रामसभेत काय विचारायचं, हे त्यांचं काम. या बाईचं स्वतःचं घरही त्याच गावातलं, तिच्या भिंतीलाही तसाच तडा. ती आरपार दगडाचं शास्त्र सांगायला लागायची नाही. आधी हप्त्याचं बोलायची, कारण समोरच्या बाईच्या डोक्यात तेच असायचं. मग गवंड्याचं. मग भिंतीचं. तरीही पुष्कळांनी नवी खोलीच पसंत केली, आणि ते गैर होतं असं मी म्हणणार नाही. पण आता ती निवड ऐकून, विचारून, समजून केलेली होती. पटवून देणं याचा अर्थ दर वेळी आपलंच खरं करणं असा घेतला, तर हे सगळं प्रकरण वाचायची गरज नाही.

अॅरिस्टॉटलनं ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात वक्तृत्वावर ग्रंथ लिहिला, त्यात पटवण्याची तीन साधनं सांगितली. बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याच्या मनाची अवस्था आणि मुद्द्यातला युक्तिवाद. आपल्या शाळा-कॉलेजांत निबंध शिकवताना तिसऱ्यावर सगळा भर असतो. मुद्दे काढा, क्रम लावा, समारोप करा. पहिली दोन जणू वक्तृत्व स्पर्धेपुरती, आवाज चढवण्या-उतरवण्यापुरती. किल्लारी भागातल्या भिंती मात्र पहिल्या दोहोंवर अडल्या होत्या. बोलणारा परगावचा, आणि ऐकणारा शोकात.

आपल्याकडे ऐकणाऱ्याचा विचार नव्हता असं नाही. नाट्यशास्त्रात प्रेक्षकाच्या लक्षणांची चर्चा आहे. पुढच्या काव्यशास्त्रात ‘सहृदय’ हा शब्द केंद्रस्थानी आला. ज्ञानेश्वरांनी तर श्रोत्यांना थांबून थांबून अवधान मागितलं. कीर्तनकार पूर्वरंगात तत्त्व सांगतो आणि उत्तररंगात आख्यान लावतो, ही रचनाही श्रोत्याचा कान कधी ताजा असतो आणि कधी दमतो याच्या अनुभवातून घडलेली आहे. पण हे सगळं आपण साहित्य आणि भक्तीच्या कप्प्यात ठेवलं. तहसीलला द्यायच्या अर्जाशी त्याचा काही संबंध आहे, असं आपल्याला कोणी सांगितलंच नाही.

आता ऐकणारा एकटा नसतो, हे पाहू. तो एखाद्या वर्तुळातला असतो. एकाच कामामुळे किंवा एकाच श्रद्धेमुळे जवळ आलेल्या माणसांची आपसात एक भाषा तयार होते. १९९० साली जॉन स्वेल्स या भाषाभ्यासकानं अशा समूहांची सहा लक्षणं मांडली. ध्येय सारखं असणं, आपसात बोलण्याचे ठरलेले मार्ग असणं, लेखनाचे स्वतःचे साचे असणं, स्वतःचे शब्द असणं अशी ती आहेत. मला त्यातलं सगळ्यात उपयोगाचं वाटतं ते हे की, या समूहात जुने जाणते असतात आणि नवे उमेदवारही असतात. म्हणजे ही भाषा जन्मानं मिळत नाही, शिकावी लागते, आणि शिकता येते.

उदाहरण घ्या एसटीचं. आगारात ‘भारमान’ हा शब्द दिवसातून कितीदा ऐकू येत असेल. गाडीच्या क्षमतेच्या मानानं किती प्रवासी मिळाले, त्याचं ते माप. तुमच्या गावाची फेरी राहणार की जाणार, हे बरंचसं त्या एका शब्दावर ठरतं. अर्ज लिहिणारा गावकरी ‘गैरसोय’, ‘अन्याय’, ‘दुर्लक्ष’ असे शब्द वापरतो. वाचणारा मनात भारमान मोजत असतो. दोघंही मराठीच बोलतात, दोघंही प्रामाणिक असतात आणि कागद फाइलला लागतो.

नांदेड-लातूरच्या माणसाला खरं तर ही गोष्ट जन्मापासून ठाऊक असते. घरात ‘काय करलालास’ म्हणणारं लेकरू पुण्याच्या होस्टेलवर चार दिवसांत ‘काय करतोयस’ म्हणायला लागतं आणि सुट्टीला लातूरच्या स्टँडवर उतरलं की पुन्हा ‘येलालो’ म्हणतं. देगलूरच्या बाजारात तेलुगू कानावर पडते, उदगीरकडे कन्नड, नांदेडच्या जुन्या गल्ल्यांत दख्खनी. जमिनीच्या जुन्या कागदांत खासरा आणि सेतवार. एवढी वर्तुळं रोज ओलांडणारा माणूस कागदावर लिहायला बसला की एकच कुठली तरी पाठ्यपुस्तकी भाषा धरून बसतो, याचं मला वाईट वाटतं. त्याच्या अंगात जे कौशल्य आहे, त्याला कोणी कौशल्य म्हटलंच नाही.

मराठीच्या अगदी सुरुवातीलाच या प्रश्नावर एक निर्णय झाला होता. तेराव्या शतकातली गोष्ट. चक्रधरांच्या महानुभाव पंथात केशवराज नावाचे मोठे विद्वान होते. संस्कृतात सहज रचना करायचे. ग्रंथ संस्कृतात लिहिण्याचा त्यांचा विचार होता. पंथाचे आचार्य नागदेव यांनी त्यांना थांबवलं. कारण एकच दिलं, ते असं की तसं केलं तर पंथातल्या म्हाताऱ्या बायका या ज्ञानाला मुकतील. किती नेमकं कारण आहे हे. संस्कृत वाईट, मराठी थोर असं त्यांनी काही म्हटलं नाही. समोर कोण बसलंय ते दाखवलं. नांदेड जिल्ह्यातलं माहूर या पंथाचं मोठं श्रद्धास्थान. तिथल्या चढावर काठी टेकत जाणाऱ्या आज्या पाहिल्या की मला नागदेवाचार्यांचा तो वाचकवर्ग डोळ्यांपुढे येतो.

याच पंथानं पुढे आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. भाषा मराठीच, पण अक्षरांची अदलाबदल केलेली. परक्याला, विरोधकाला ते वाचता येऊ नयेत म्हणून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संशोधकांना त्यांची उकल होईपर्यंत मराठीतलं हे वैभव बाहेरच्या जगाला जवळपास अज्ञात होतं. म्हातारीसाठी उघडलेलं वर्तुळ छळाच्या भीतीनं बंद झालं. वर्तुळाची भाषा दार असते, तशी कडीही असते. कडी घालणाऱ्याला नावं ठेवण्याआधी बाहेर कोण उभं होतं तेही बघावं लागतं.

नांदेडचं नाव ज्यांच्यामुळे सगळ्या जगातल्या शीख माणसाच्या ओठी आहे, त्या गुरू गोविंदसिंगांचं एक पत्र या विषयाचा उत्तम धडा आहे. १७०५ साल. आनंदपूर सोडताना सुरक्षित वाट देण्याची शपथ घेतली गेली आणि मोडली गेली. मुलगे गेले, साथी गेले. पंजाबातल्या दीना गावी गुरूंनी औरंगजेबाला पत्र लिहिलं, ‘जफरनामा’. पत्र फारसीत आहे, बादशहाच्या दरबाराच्या भाषेत. छंद फिरदौसीच्या शाहनाम्याचा आहे, म्हणजे त्या दरबारात शौर्य ज्या चालीत ऐकलं जायचं तीच चाल. आणि युक्तिवादाचा पाया? तुझ्या लोकांनी तुझ्याच कुराणावर हात ठेवून शपथ घेतली होती. गुरू त्याला शिखांच्या श्रद्धेच्या मापानं मोजत नाहीत. त्याच्याच धर्माच्या मापानं मोजतात आणि तो उणा पडतो हे दाखवतात. बादशहा तेव्हा दख्खनमध्ये होता. १७०७ मध्ये अहमदनगरला तो वारला, त्यामुळे दोघांची भेट झाली नाही. गुरू पुढच्या वर्षी नांदेडला आले आणि ऑक्टोबर १७०८ मध्ये गोदाकाठीच त्यांनी देह ठेवला.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. ऐकणाऱ्याच्या भाषेत बोलणं आणि त्याला आवडेल ते बोलणं या दोन गोष्टी एक नाहीत. जफरनामा बादशहाच्या सगळ्यात ओळखीच्या शब्दांत त्याला सगळ्यात न आवडणारी गोष्ट सांगतो.

निजामाच्या राज्यात हाच पेच वेगळ्या रूपात आला. सभा भरवायची तर आधी परवानगी हवी, असा ‘गश्ती निशाण ५३’चा हुकूम होता. उच्च शिक्षण उर्दूतून. अशा राज्यात १९३८ च्या सुमारास हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या मंडळींनी मागणी मांडली ती आसफजाही छत्राखाली जबाबदार राज्यपद्धतीची. आज हे शब्द काहींना मिळमिळीत वाटतील. पण नीट पाहिलं तर ‘छत्राखाली’ हा शब्द राज्यकर्त्यासाठी आहे आणि ‘जबाबदार’ हा शब्द प्रजेसाठी. एकाच वाक्यात दोन श्रोते बसवलेले आहेत. तरीही संघटनेवर बंदी आली. शब्द कितीही जपून निवडले तरी समोरचा ऐकायलाच तयार नसेल तर काय होतं, तेही यात दिसतं. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालच्या त्याच चळवळीनं ७ ऑगस्ट १९४७ ला भारतीय संघराज्यात सामील व्हा असं सांगणारा दिवस पाळला. आता छत्र गेलं होतं. नऊ वर्षांत श्रोता बदलला होता. निजामाला विनवण्याऐवजी आता संस्थानातल्या जनतेला आणि दिल्लीला उद्देशून बोलणं सुरू झालं होतं.

आ. कृ. वाघमारे यांचं ‘मराठवाडा’ साप्ताहिकही याच काळातलं. छपाई निजामाच्या हद्दीबाहेर, पुण्यात. बंदी आली की नवं नाव घ्यायचं आणि पुन्हा निघायचं. नाव बदलायचं, पण वाचकाला ओळख पटायची. तीच भाषा, तीच धाटणी, तीच माणसं. पत आणि वाचक यांचं नातं मथळ्यावरच्या नावापेक्षा खोल असतं, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

आणि आता नरहर कुरुंदकर. या प्रकरणाची निम्मी पानं त्यांना दिली असती तरी मला चाललं असतं.

जन्म १५ जुलै १९३२, वसमतजवळच्या कुरुंद्याचा. इंटरच्या परीक्षेत एकापेक्षा जास्त वेळा नापास. नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक, मग स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेनं उभ्या राहिलेल्या पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य. या माणसानं आय. ए. रिचर्ड्स या इंग्रज समीक्षकावर ‘रिचर्ड्सची कलामीमांसा’ हे पुस्तक लिहिलं. रिचर्ड्सनं १९३६ च्या आपल्या ‘द फिलॉसॉफी ऑफ ऱ्हेटरिक’ या पुस्तकात वक्तृत्वशास्त्राची जुनी व्याख्याच बाजूला ठेवली होती. गैरसमज कसे होतात आणि त्यावर उपाय काय, याचा अभ्यास म्हणजे हे शास्त्र, असं त्याचं म्हणणं. कुरुंदकरांनी आयुष्यभर जे केलं त्याला हे वर्णन किती लागू पडतं, हे त्यांची व्याख्यानं वाचताना सतत जाणवतं.

ते नास्तिक होते, राष्ट्र सेवा दलाचे, समाजवादी. श्रोते मात्र गावोगावचे. त्यात श्रद्धाळू असत, संघाचे असत, मुसलमान असत, जुने काँग्रेसवाले असत. मनुस्मृतीवर त्यांनी दिलेली व्याख्यानं पुढे पुस्तकरूपानं आली. विषय असा की अर्धी सभा चिडून उठावी किंवा अर्धी सभा टाळ्या पिटत बसावी. कुरुंदकरांची रीत यांपैकी काहीच होऊ देत नाही. ते आधी विरोधकाची बाजू मांडतात, आणि त्या विरोधकाला स्वतःला मांडता आली नसती इतक्या ताकदीनं. आपल्या शास्त्रपरंपरेत याला पूर्वपक्ष म्हणतात. विरोधकाला वाटतं, या माणसानं आपलं म्हणणं समजून घेतलंय. त्या क्षणी तो कान देतो. मग कुरुंदकर एकेक प्रश्न काढतात. तुम्ही हे मानता ना? मग त्यातून हे निघतं. हेही मानता? मग हे दोन्ही एकत्र कसं राहील? ऐकणारा आपल्याच पायांनी चालत अवघड जागी येऊन उभा राहतो.

त्यांचं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं लेखन बहुधा एक पत्र आहे. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला असलेली कुरुंदकरांची प्रस्तावना मुळात लेखकाला लिहिलेलं दीर्घ पत्र आहे. शिवाजी महाराजांविषयी, साधनांच्या विश्वसनीयतेविषयी, दंतकथा आणि इतिहास यांच्यातल्या अंतराविषयी त्यात जे लिहिलं आहे, ते व्यासपीठावरून सांगितलं असतं तर सभेत कुजबुज झाली असती. पत्र मात्र एका मित्रानं मित्राला लिहिलेलं आहे. वाचक शेजारी बसून ते ऐकतो. आपल्याला कोणी शिकवतंय असं त्याला वाटत नाही, दोन जाणत्या माणसांचं बोलणं आपल्या कानावर पडतंय असं वाटतं. महाराजांवर जीव टाकणाऱ्या लक्षावधी वाचकांनी कादंबरीच्या आधी ही चिकित्सा वाचली आणि ती पचवली. लिहिताना कोणाला उद्देशून लिहायचं, हा निर्णय मजकुराइतकाच मोठा असतो.

कुरुंदकर १० फेब्रुवारी १९८२ ला औरंगाबादला, एका कार्यक्रमाच्या व्यासपीठावरच गेले. पन्नाशीही पुरी झाली नव्हती.

या प्रदेशाविषयी लिहिताना एक प्रसंग टाळला तर सगळं लेखन खोटं ठरेल. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातले पोचीराम कांबळे आणि जनार्दन मवाडे मारले गेले. विरोधात मोठे लोक होते, हैदराबाद मुक्तिसंग्रामात तुरुंग भोगलेले. ‘मराठवाडा’चे संपादक अनंत भालेराव त्यांत होते. त्यांच्यासाठी ‘मराठवाडा’ हा शब्द लढ्याचं नाव होता, तो विद्यापीठावरून पुसला जाणार याचं त्यांना दुःख होतं. दलित समाजासाठी बाबासाहेबांचं नाव म्हणजे माणूस असल्याची सही होती. दोन वर्तुळं, दोन शब्द, आणि दोन्हीकडे त्या शब्दांत रक्ताचं मोल. पण हे चित्र एवढंच काढलं तर ते असमान वजनांना सारखं दाखवतं. एका बाजूला अग्रलेख होते आणि दुसऱ्या बाजूला जळालेली घरं. लाँग मार्च निघाले, माणसं तुरुंगात गेली. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतलं. शेवटी १४ जानेवारी १९९४ ला ‘नामांतर’ या शब्दाऐवजी ‘नामविस्तार’ हा शब्द आला आणि विद्यापीठ डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं. दोन्ही नावं एका फलकावर.

हा शब्द आधी सुचला असता तर? हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. मला वाटतं, अडचण शब्दाची नव्हती. गावातल्या एका समाजाला आपण ‘ज्यांना उत्तर द्यायला हवं असे श्रोते’ मानतो का, हीच अडचण होती. ज्याला आपण श्रोत्यांत धरलंच नाही त्याच्यासाठी शब्द शोधायची वेळच येत नाही. श्रोते कोण हे ठरवणं ही लेखनाआधीची गोष्ट आहे, आणि ती केवळ कौशल्याची नाही. त्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९९४ ला, नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झालं. त्याचं नाव स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. इथंही व्यक्ती आणि प्रदेश एकाच नावात.

मग हे शिकायचं कसं? दहावीच्या मराठीत आता उपयोजित लेखन आहे, मागणीपत्र आणि विनंतीपत्र आहे. चांगली गोष्ट आहे. पण तिथं वाचणारा एकच, परीक्षक. आणि परीक्षकाला काय हवं हे ओळखण्यात लातूरचं पोरगं कुणाला हार जाणार नाही. लातूर पॅटर्नचं अर्धं यश उत्तरपत्रिका तपासणाऱ्याचा विचार करून लिहिण्यात आहे. तीच नजर परीक्षेबाहेर न्यायची आहे.

समजा, मुखेड भागातलं एक गाव आहे. तिथल्या अकरावी-बारावीच्या मुली तालुक्याला कॉलेजात जातात. कॉलेज आठला भरतं. मुक्कामी गाडी पावणेसहाला निघून जाते, पुढची साडेनऊला. पावणेसहाला हिवाळ्यात अंधार असतो, म्हणून चार मुलींचं कॉलेज घरच्यांनी सोडवलं. गावातल्या एका मुलीनं अर्ज लिहिला. पहिला खर्डा असा सुरू होतो की, स्वातंत्र्याला पाऊणशे वर्षं उलटूनही आमच्या गावावर अन्याय होत आहे. यात एक शब्दही खोटा नाही. पण हा मजकूर सभेचा आहे. तो आगार व्यवस्थापकाच्या टेबलावर गेला तर तिथल्या माणसाला करण्यासारखं काहीच उरत नाही. अन्याय दूर करणं त्याच्या हाती नाही, गाडीची वेळ बदलणं आहे.

तीच मागणी ग्रामसभेत मांडायची तर पुन्हा वेगळी. तिथं कोणी काका म्हणणार, गाडी उशिरा सोडली तर माझा भाजीपाला बाजारात कधी पोचायचा? काकांचा प्रश्न खरा आहे, आणि तो अर्जाच्या आधी सुटला नाही तर अर्जामागोमाग काकांचाही अर्ज जाईल. म्हणून तिनं काकांनाच विचारलं. त्यांचा माल आठवड्यातून एकदाच, बाजारच्या दिवशी जातो. मग बाजारचा दिवस सोडून बाकीचे दिवस मागायचे, असं ठरलं. ही तडजोड कुठल्या पुस्तकात मिळाली नसती. त्यांच्याशी बोलायचं तर ‘काका’ म्हणूनच बोलावं लागतं, आणि चहा होईपर्यंत मूळ विषय काढायचा नसतो.

मग तिनं आठवडाभर सकाळी स्टँडवर उभं राहून माणसं मोजली. कंडक्टर मामांना विचारलं, तेव्हा ‘भारमान’ हा शब्द पहिल्यांदा तिच्या कानावर पडला. वाटेवरच्या दोन गावांच्या मुलीही याच अडचणीत आहेत, हे त्यातूनच कळलं. दुसरा अर्ज अर्ध्या पानात मावला:

‘प्रति, आगार व्यवस्थापक. विषय: सकाळच्या मुक्कामी गाडीची वेळ बदलण्याबाबत.

महोदय, आमच्या गावी मुक्कामी येणारी गाडी सकाळी ५.४५ ला सुटते. मागील आठवड्यात तिला आमच्या थांब्यावर रोज सरासरी ६ प्रवासी मिळाले. हीच गाडी बाजारचा दिवस वगळता ६.४५ ला सोडल्यास आमच्या व वाटेवरील दोन गावांतील ३१ पासधारक विद्यार्थिनी तिने जातील. जादा गाडी किंवा जादा फेरी लागणार नाही. बाजारच्या दिवशी ५.४५ हीच वेळ ठेवावी, अशी शेतकऱ्यांची विनंती आहे. हा बदल एक महिना करून पाहावा व त्यानंतरच्या भारमानावरून निर्णय घ्यावा.

सोबत: १) पासधारक ३१ विद्यार्थिनींची गाववार यादी. २) तिन्ही ग्रामपंचायतींचे ठराव. ३) सात दिवसांची थांब्यावर मोजलेली प्रवासी संख्या, हाताने लिहिलेली.’